अरब-इस्रायल भांडणाची मुळं शोधायची तर आधी जमिनीचे कागद बघा

तुमचा प्रश्न असा आहे: मुलाला कॉलेजच्या प्रकल्पासाठी ‘अरब-इस्रायल संघर्षाची ऐतिहासिक मुळं’ हा विषय मिळालाय. घरचे म्हणतात, ज्यू आणि मुसलमान हजारो वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत, त्यात मुळं काय शोधायची? हे खरं आहे का, आणि सुरुवात नेमकी कुणी केली?

पदवीच्या वर्गांना मी बरीच वर्षं आधुनिक पश्चिम आशियाचा इतिहास शिकवते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक नवीन तुकडीत हाच प्रश्न याच शब्दांत येतो. पहिल्या भागाचं उत्तर ठामपणे देता येतं: नाही, हे हजारो वर्षांचं भांडण नाही. याला जेमतेम दीडशे वर्षं होताहेत. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र तुम्ही गोष्ट कुठून सांगायला घेता त्यावर अवलंबून आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यापासून सांगितली तर एक गुन्हेगार दिसतो, १९६७ च्या युद्धापासून सांगितली तर दुसरा. १९४८ च्या मे महिन्यापासून सांगितली तर पाच अरब देशांच्या फौजा आत घुसलेल्या दिसतात, पण त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सांगितली तर रिकामी झालेली अरब गावं दिसतात. तारीख निवडली की आरोपीही जवळजवळ ठरून जातो. म्हणून मुलाला सांगा, प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर आपण कुठून सुरुवात करतोय आणि का, हे लिहून टाक.

वर्गात मी एक नियम पाळायला लावते. ज्या वर्षाबद्दल बोलतोय, त्या वर्षी त्या माणसाला जे माहीत होतं तेवढंच धरून त्याच्या वागण्याचा विचार करायचा. १८९० च्या सुमाराच्या ज्यू माणसाला हिटलर माहीत नाही. त्याच वेळच्या अरब शेतकऱ्याला १९४८ माहीत नाही. हा नियम पाळला की दोन्हीकडची माणसं माणसांसारखी दिसायला लागतात, आणि भांडण कुठे पेटलं तेही नीट कळतं.

आधी ‘हजारो वर्षां’चं बघू. रोमन लोकांनी इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडलं. ज्यूंची वाताहत झाली ती मुख्यतः रोमन आणि पुढे ख्रिस्ती सत्तांच्या हातून. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा त्यांतल्या अनेकांना आसरा मिळाला तो ऑटोमन (तुर्की) सुलतानाच्या राज्यात, सलोनिका, इस्तंबूल, साफेद अशा शहरांत. म्हणून तिथे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. मुसलमानी राज्यांत ज्यू आणि ख्रिस्ती हे खालच्या दर्जाचे प्रजाजन होते, ऑटोमन राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यावर वेगळा कर होता, आणि अधूनमधून लुटालूट, दंगेही झाले. पण ‘ही भूमी कुणाच्या राष्ट्राची’ असा वाद त्यात नव्हता. १८८० च्या सुमाराला पॅलेस्टाईनमध्ये पंचवीसेक हजार ज्यू होते, बहुतेक जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद आणि तिबेरियास या चार पवित्र शहरांत. त्यांच्याशी शेजाऱ्यांचं जमिनीवरून भांडण नव्हतं, कारण ते जमीन कसत नव्हते.

भांडणाचा पहिला धागा पॅलेस्टाईनबाहेर, रशियात आहे. १८८१ च्या मार्चमध्ये झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला आणि दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. पुढच्या वर्षी ज्यूंवर नवे निर्बंध आले. १९०३ साली किशिनेव्हला ४९ ज्यू मारले गेले. फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशात १८९४ साली कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली हेर ठरवलं गेलं. यातून लाखो ज्यू उठले आणि निघाले. पहिल्या महायुद्धापर्यंत वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेत गेले. पॅलेस्टाईनला गेले ते त्यांच्या तुलनेत मूठभर, पण ते एक कल्पना घेऊन गेले: आपण कुठेही अल्पसंख्य राहिलो तर मार खाणार, तेव्हा आपलं स्वतःचं राष्ट्र हवं. हीच झायनवादी चळवळ. तिचा नेता थिओडोर हर्झलने १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पहिली झायनवादी परिषद भरवली, तोवर पेताह तिक्वा, रिशोन लेझियोन अशा वसाहती उभ्याही राहिल्या होत्या.

आता मी जिथे सगळ्यात जास्त वेळ घेते त्या भागाकडे येऊ. मुलाच्या प्रकल्पाचा कणा हाच असावा असं माझं मत आहे. तो भाग म्हणजे जमीन.

पॅलेस्टाईन तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. ऑटोमन सरकारने १८५८ साली जमिनीचा नवा कायदा केला. हेतू असा की प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी नावावर लागावा आणि सारा नीट वसूल व्हावा. पॅलेस्टाईनच्या खेड्यांत तोवर ‘मुशा’ नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती: गावची जमीन सामाईक, आणि ठरावीक वर्षांनी तिची कुटुंबांमध्ये फेरवाटणी. शेतकऱ्याला नोंदणीची भीती वाटायची. नाव कागदावर चढलं की सारा वाढणार आणि पोरगं सैन्यभरतीत जाणार. शिवाय डोक्यावर कर्ज. मग गावच्या गावं शहरातल्या एखाद्या बड्या घराण्याच्या नावावर लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस कागदावर नुसता कूळ उरला. आपल्याकडे कोकणात ज्यांनी खोतीचे किस्से ऐकलेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. फरक एवढाच की खोत निदान जवळपास राहायचा, इथे मालक बैरुतला. उत्तर पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिर या सुपीक खोऱ्याचा मोठा भाग बैरुतच्या सुरसूक नावाच्या ख्रिस्ती व्यापारी घराण्याच्या नावावर होता.

झायनवादी संस्थांनी जमीन विकत घेतली ती अशा मालकांकडून. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियम होता की घेतलेली जमीन कायमची ज्यू समाजाच्या मालकीची राहील, ती पुन्हा विकायची नाही. १९०४ नंतर जे तरुण आले ते समाजवादी विचारांचे होते. त्यांचा आग्रह होता की ज्यूंच्या शेतावर ज्यूंनीच राबावं. त्यांच्या बाजूने बघा: आपण दुसऱ्याच्या घामावर जगणारे जमीनदार व्हायचं नाही, स्वतः माती उपसायची, हे त्यांना उदात्त वाटत होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं. १९१० साली उभं राहिलेलं देगानिया हे सामुदायिक शेत त्यातूनच आलं. आता कुळाच्या बाजूने बघा. याआधी मालक बदलला तरी कूळ जागेवरच राहायचं. नव्या मालकाला सारा-वाटा दिला की झालं. आता पहिल्यांदाच असा मालक आला की ज्याला जमीन हवी होती, पण जमिनीवरचा माणूस नको होता. पुढचा सगळा संघर्ष या एका बदलात बीजरूपाने आहे, असं मी मानते.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. १९१० साली एलियास सुरसूकने याच खोऱ्यातल्या अल-फूला गावची सुमारे दहा हजार दुनम जमीन (एक दुनम म्हणजे साधारण पाव एकर) ज्यू राष्ट्रीय निधीला विकली. कुळांनी हलायला नकार दिला. नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुक्री अल-असली हा दमास्कसचा अरब होता. त्याने मालकीहक्काचे कागद हवाली करायला नकार दिला आणि ‘सलाहुद्दीन’ या टोपणनावाने वर्तमानपत्रांत जाहीर पत्र लिहिलं. हे नाव त्याने विचार करूनच घेतलं असणार, कारण अल-फूलाला ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष होते, आणि सलाहुद्दीन हा त्या धर्मयोद्ध्यांना हरवणारा सुलतान. वरिष्ठांपुढे त्याचं काही चाललं नाही. कुळं उठली आणि १९११ साली तिथे मेरहाविया ही वसाहत उभी राहिली. पण शुक्री अल-असली पुढे ऑटोमन संसदेवर निवडून गेला आणि हा प्रश्न त्याने तिथे मांडला. हैफाच्या ‘अल-कर्मिल’ आणि जाफाच्या ‘फलस्तीन’ या दोन वर्तमानपत्रांनी जमीनविक्रीविरुद्ध लिहायला घेतलं. या दोन्ही पत्रांचे संपादक ख्रिस्ती अरब होते, हे ध्यानात घ्या. ज्यू विरुद्ध मुसलमान असं चित्र इथेच फिस्कटतं.

व्यवहार कायदेशीर होते का? बहुतांशी होय. पैसे पुरते मोजले गेले, आणि भावही चढे मिळाले. जमिनी विकणाऱ्यांत पुढे खुद्द पॅलेस्टाईनमधली काही प्रतिष्ठित अरब घराणीही होती. तीच जाहीर सभांत विक्रीचा निषेध करत. पण कायदेशीर व्यवहारातूनही माणूस देशोधडीला लागू शकतो, आणि त्याचा राग खरा असू शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणं विद्यार्थ्यांना जड जातं. तुमच्या मुलालाही जाईल, पण त्याने ते टाळू नये.

पुढे काय वाढून ठेवलंय हे त्या वेळी कुणालाच दिसलं नव्हतं, असं मात्र नाही. अहाद हाआम या ज्यू विचारवंताने १८९१ सालीच लिहिलं होतं की हा देश ओसाड पडलेला नाही, नांगरता येईल अशी मोकळी जमीन तिथे मुश्किलीने सापडते. जेरुसलेमचे माजी महापौर युसूफ दिया अल-खालिदी यांनी मार्च १८९९ मध्ये फ्रान्सचे मुख्य रब्बी झादोक कान यांच्यामार्फत हर्झलला पत्र पाठवलं. ज्यूंचं या भूमीशी ऐतिहासिक नातं आहे हे त्यांनी त्यात मान्य केलं, पण इथे दुसरी माणसं राहतात, तेव्हा देवाच्या नावाने पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या, अशी विनवणी केली. हर्झलचं उत्तर त्याच महिन्यात आलं. ज्यूंच्या पैशाने आणि कसबाने स्थानिकांची भरभराटच होईल, जमिनींच्या किमती वाढतील, असा त्याचा सूर होता. खालिदी राष्ट्राबद्दल विचारत होते आणि उत्तर मिळालं फायद्याचं. या दोन पत्रांवर मी नेहमी एक अख्खा तास घेते.

इथवरचं थोडक्यात: युरोपातल्या छळातून उठलेली एक राष्ट्रीय चळवळ, नव्या कायद्यामुळे जमिनीवरचा हक्क गमावलेलं कूळ, आणि त्या कुळाची बाजू घेता घेता स्वतः राष्ट्र म्हणून विचार करू लागलेला अरब शहरी वर्ग. १९१४ पर्यंत एवढं जमलं होतं. तरीही हा स्थानिक तंटा राहिला असता. त्याला साम्राज्याचं पाठबळ मिळालं आणि तो हाताबाहेर गेला.

ब्रिटननं पहिल्या महायुद्धात तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. त्यात पॅलेस्टाईन येत होतं की नाही यावर आजही वाद आहे. मे १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर सायक्स-पिको करार करून तोच मुलूख वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ ला परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ज्यूंच्या ‘राष्ट्रीय घरा’ला पाठिंबा जाहीर केला. त्याच जाहीरनाम्यात बाकीच्या समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही असं म्हटलंय, पण राजकीय हक्कांचं नाव नाही. हे बाकीचे समाज म्हणजे लोकसंख्येचे सुमारे ९० टक्के होते. ब्रिटिश मंत्र्यांमध्ये याला सगळ्यात कडाडून विरोध केला तो एडविन माँटेग्यू यांनी. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेले हेच ते भारतमंत्री. ते स्वतः ज्यू होते. पॅलेस्टाईन ज्यूंचं घर ठरलं की बाकी प्रत्येक देशातला ज्यू परका ठरेल, अशी त्यांना भीती होती.

१९२२ साली राष्ट्रसंघाने ब्रिटनच्या अधिदेशाला (म्हणजे पॅलेस्टाईनचा कारभार चालवण्याच्या अधिकाराला) मंजुरी दिली आणि बाल्फोरचा शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात गेला. त्या दस्तऐवजाची २८ कलमं मुलाने जरूर वाचावीत. ज्यू राष्ट्रीय घर, ज्यूंच्या वतीने सरकारशी बोलणारी ज्यू एजन्सी, ज्यू स्थलांतराला मदत, सगळं आहे. अरबांना समाज म्हणून राजकीय हक्क आहेत असं कुठेही नाही. त्याच वर्षीच्या जनगणनेत साडेसात लाखांवर लोकसंख्या भरली, त्यात ज्यू ८४ हजारांच्या आत, म्हणजे ११ टक्के.

त्यानंतरचा हिशेब डोक्यांचा आहे. बहुसंख्य कोण राहणार? अरबांना लगेच निवडून आलेली विधानसभा हवी होती, कारण ते बहुसंख्य होते. ज्यूंना आधी स्थलांतर हवं होतं, कारण ते अल्पसंख्य होते. एकाची मागणी मान्य केली की दुसऱ्याची बुडते, मधली वाट नाही. ब्रिटिश प्रत्येक दंग्यानंतर चौकशी समिती नेमत राहिले आणि धोरण हेलकावे खात राहिलं.

१९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेममधल्या, ज्यू आणि मुसलमान दोघांनाही पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीवरच्या वादातून हिंसा उसळली. हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंची कत्तल झाली. तिथला ज्यू समाज शतकानुशतकं राहणारा, धर्मनिष्ठ होता. बऱ्याच ज्यूंना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं, हेही खरं. पण जुने ज्यू आणि नवे ज्यू हा फरक त्या दिवसांत पुसला गेला. धर्म या भांडणाच्या मुळाशी नव्हता हे मी म्हणते, ते १९२९ नंतर मात्र जपून म्हणावं लागतं. जमिनीचं भांडण पवित्र जागेचं झालं की त्यातून माघार घेणं दोन्ही बाजूंना फार अवघड जातं.

मग १९३३ साली हिटलर आला. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने दार जवळजवळ लावून घेतलं होतं. जर्मनी आणि पोलंडच्या ज्यूंनी जायचं कुठे? एकट्या १९३५ साली साठ हजारांहून अधिक ज्यू पॅलेस्टाईनला आले. माझा नियम इथे परत लावा. बर्लिनमधून निघालेल्या कुटुंबाला एवढंच माहीत आहे की हा परवाना मिळाला तर जगू. जाफाच्या बंदरावरच्या अरबाला एवढंच माहीत आहे की याच वेगाने लोक आले तर माझी मुलं स्वतःच्या गावात अल्पसंख्य होतील. दोघांचंही म्हणणं खरं ठरलं.

१९३६ च्या एप्रिलमध्ये अरबांनी हरताळ पुकारला, तो सहा महिने चालला आणि त्याचं बंड झालं. १९३७ साली ब्रिटिशांच्या पील आयोगाने पहिल्यांदा फाळणी सुचवली. अरबांनी ती फेटाळली, ज्यू नेतृत्वाने रुकार-नकाराच्या मधे ठेवली. ब्रिटिशांनी बंड इतक्या निर्दयपणे चिरडलं की अरब नेते मेले, तुरुंगात गेले किंवा परागंदा झाले. दहा वर्षांनी निर्णायक घडी आली तेव्हा एका बाजूला शिस्तीची संघटना होती आणि दुसऱ्या बाजूला विस्कटलेलं नेतृत्व. १९४८ चा निकाल बराचसा १९३९ मध्येच लागला होता असं मला वाटतं. १९३९ च्या मेमध्ये ब्रिटननं ज्यू स्थलांतर पाच वर्षांत ७५ हजारांवर आणलं, तेही नेमकं युरोपात साठ लाख ज्यूंच्या संहाराच्या उंबरठ्यावर. त्यानंतर आपलं राज्य नसेल तर आपण उरणार नाही, हे ज्यूंना कुणी पटवून द्यायची गरज राहिली नाही.

पुढचं तुलनेने सर्वांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिलं. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने एकच संघराज्य सुचवलं होतं. लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंना निम्म्याहून थोडा जास्त भूभाग मिळत होता, त्यात नेगेवचं वाळवंट मोठं. ज्यूंनी मान्य केलं, अरबांनी नाही, आणि दुसऱ्याच दिवसापासून यादवी सुरू झाली. ९ एप्रिल १९४८ ला दैर यासीनमध्ये शंभरावर अरब गावकरी मारले गेले. चारच दिवसांनी हदासा इस्पितळाकडे निघालेल्या डॉक्टर-नर्सांच्या ताफ्यावर हल्ला होऊन सत्तरांवर ज्यू मेले. १४ मे ला इस्रायलची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी अरब फौजा आत शिरल्या. युद्ध संपलं तेव्हा जुन्या पॅलेस्टाईनच्या ७८ टक्के भूभागावर इस्रायल होता, आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. काही घाबरून पळाले, काहींना हाकललं गेलं, आणि परत जवळजवळ कुणालाच येऊ दिलं नाही. त्यानंतर इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू निघाले किंवा त्यांना निघावं लागलं. १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून लाखावर.

मुलाला हे सगळं एका प्रकल्पात मावणार नाही. माझा सल्ला: एकच गाव घ्यावं. मी सुचवेन लोद. अरबांसाठी ते अल-लिद्द, इंग्रजी पुस्तकांत लिद्दा. जुलै १९४८ मध्ये तिथल्या आणि शेजारच्या रामलाच्या मिळून पन्नास हजारांहून अधिक अरबांना भर उन्हात पूर्वेकडे हाकलण्यात आलं. रिकाम्या घरांत युरोपातून आणि अरब देशांतून आलेले ज्यू राहायला आले. पुढे त्याच गावात आपल्या रायगड जिल्ह्यातून, मुंबई-ठाण्यातून गेलेली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कुटुंबं स्थायिक झाली, जी घरात मराठी बोलत होती. त्यांना इथे कुणी छळलं नव्हतं, ती आपल्या श्रद्धेने आणि नशीब काढायला गेली. त्यांनी कुणाला हाकललं नाही. ज्याला हाकललं त्याला मात्र घर मिळालं नाही. तुमच्या ओळखीत अलिबाग, पेण, रेवदंड्याकडचं असं एखादं कुटुंब असेल तर त्यांच्याशी बोलता येईल. त्यांच्या मुलाखतीशेजारी लिद्दाच्या एखाद्या निर्वासिताची छापलेली आठवण ठेवावी, आणि दोघांना सारखेच प्रश्न विचारावेत: घर कधी सोडलं, कुणी सांगितलं म्हणून सोडलं, सोबत काय घेतलं, मागे राहिलेल्या घरात आता कोण राहतं.

राहिला प्रश्न सुरुवात कुणी केली हा. माझं मत विचाराल तर ज्यूंना घरदार सोडायला लावणारा युरोपचा वंशद्वेष ही पहिली ठिणगी, आणि एकाच जमिनीचं वचन अनेकांना देणारं ब्रिटिश धोरण हा त्यावर ओतलेला घासलेटचा डबा. अरब आणि झायनवादी नेत्यांनी पुढे जे निर्णय घेतले, कत्तली केल्या, माणसं हाकलली, तडजोडी नाकारल्या, त्याची जबाबदारी त्यांचीच आहे, ती लंडनवर ढकलता येणार नाही. याच्याशी असहमत असलेले जाणकार इतिहासकार दोन्हीकडे आहेत. मुलाने त्यांतल्या निदान एकेकाचं वाचावं आणि परीक्षकाने विचारलंच तर स्वतःचं मत कारणांसकट द्यावं.